थोरले येत नाहीत

काकू गेल्या. आत्या गेली. धाकटे तर कुणाला कळायच्या आत गेले. थोरले तेवढे जागचे हलेनात.

टाचणी ही घरची लेक. तिने वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. डावीकडे जुना कॉम्प्युटर, दातांसारखा पिवळा पडलेला, आत पंखा घरघरतोय. उजवीकडे नवा. हा इतका बारीक की सकाळी आईने पाट समजून त्यावर इस्त्री ठेवली होती. गार होती म्हणून निभावलं.

"आलं का सगळं?" धाकट्यांनी विचारलं. कटिंगच्या टेबलापलीकडे ते कॉम्प्युटरकडे पाठ करून उभे होते. ऑपरेशन चाललेलं असताना नातेवाईक दाराबाहेर उभे राहतात ना, तसे.

"सगळं आलं बाबा. थोरले सोडून."

"म्हणजे?"

"म्हणजे फोल्डर आलाय, आत काही नाही. नाव आलं, माणूस नाही आला."

"तो असाच आहे," धाकटे म्हणाले.

दुकानात लहान, मध्यम, मोठा अशी मापं कधी नव्हतीच. आजोबांनी दुकान टाकलं तेव्हा माप बेतायला हाताशी होती ती घरचीच माणसं. धिप्पाड गिऱ्हाइकाचा कोट थोरल्या मुलाच्या अंगावर चढवून बघायचा, काडीपैलवानाचा धाकट्याच्या. मधली मुलगी म्हणजे आत्या. पुढे धाकट्यांची बायको आली, तिला अख्खी गल्ली काकू म्हणायला लागली, तेही एक माप झालं. टाचणीचं माप शाळेच्या गणवेशांना. टाचणी नोकरीला लागली, पण फोल्डरमध्ये अजून तिसरीतच होती. फोनवर ऑर्डर घ्यायची तीसुद्धा अशीच. "दोन थोरले, पाच धाकटे, एक आत्या, आत्याची बाही आखूड." ऐकणाऱ्याला वाटायचं केवढा मोठा कारभार आहे, किती माणसं आहेत कामाला.

"परत करून बघ," आत्या म्हणाली. ती शटरजवळच्या स्टुलावर सकाळपासून ठाण मांडून बसली होती. शाळेत मुख्याध्यापिका होती, निवृत्त झाली, पण नजर अजून वर्गावरच. आज ती आली होती कारण तिचं माप इकडून तिकडे जाणार होतं आणि मधल्या मधे ते कुणी बघू नये अशी तिची इच्छा होती.

"आत्या, तुझं गेलं. मी बघितलं नाही."

"कंबर पण नाही?"

"डोळे मिटून नेली."

"शहाणी आहेस."

टाचणीने परत कॉपी केलं. पट्टी हिरवी होत होत निम्म्यावर आली आणि थांबली. जुन्या डब्यातून आवाज आला. टक्. टक् टक्. कुणीतरी आतून दार वाजवतंय असा. मग स्क्रीनवर लिहून आलं की ही फाईल वाचता येत नाही. मग पंखा थांबला. मग स्क्रीन काळी.

टाचणीने बटण दाबलं. परत दाबलं. बराच वेळ दाबून धरलं.

"काय झालं?" धाकटे अजून पाठमोरेच.

"बाबा, वळा आता. वळलात तरी चालेल. गेला तो."

* * *

दुरुस्तीवाल्याला फोन झाला. तो म्हणाला, आणून टाका, बघतो, पण डिस्क बाहेर पाठवावी लागेल, महिना धरून चला, आणि निघेलच असं नाही.

महिना कुठून आणायचा? बँडवाला उद्या सकाळी येणार होता.

हा बँड आजोबांच्या वेळेपासूनचा. नवे कोट शिवायचे होते, सगळेच्या सगळे थोरले. बँडात बारीक माणूस टिकत नाही. मोठा ढोल पोटावर ठेवायचा तर आधी पोट पाहिजे. आणि बँडमास्तरने फोनवर एकच वाक्य सांगितलं होतं, "मागच्यासारखेच पाहिजेत. वाजवताना पुढून वर उचलले जात नाहीत, तस्से. आधी एक नमुन्याचा दाखवा, मग कापड कापा."

त्या न उचलले जाण्यातच सगळी मेख होती. छाती किती, पोट किती, हे आकडे धाकट्यांना झोपेतही पाठ होते. पण आकड्यांना उतार नसतो. पोट सुरू कुठे होतं, सगळ्यात पुढे कुठे येतं, मग आत कसं वळतं, त्यावर कापडाचा पुढचा भाग किती खाली सोडायचा, हे सगळं त्या एका फोल्डरमध्ये होतं. ते थोरल्यांच्या अंगावरून उतरवलेलं. बँड गेला तर दुकान राहिलं असतं, नाही असं नाही. पण कशाचं? पँटची लांबी कमी करून देणारं. चेन बदलून मिळेल, असा बोर्ड लावणारं. धाकट्यांना तो बोर्ड दिसायलाही लागला होता.

"बँडवाल्यांचा एखादा जुना कोट मागवून घ्या ना," टाचणी म्हणाली. "उसवू, बघू, परत शिवून देऊ."

"आणि त्याला काय सांगू? की वडिलांपासूनचं माप आमच्याकडून हरवलं?"

"मग पुठ्ठे?" आत्या म्हणाली.

हा शब्द कुणीतरी काढणार हे धाकट्यांना माहीत होतं. त्यांनी खडू उचलला आणि टेबलावर उगाच एक रेघ मारली.

पूर्वी या भिंतीवर खिळे होते. प्रत्येक खिळ्याला पुठ्ठ्याचे तुकडे, भोक पाडून, सुतळीत ओवलेले. पाठ, पुढा, बाही, कॉलर. एका सुतळीत एक माणूस. कॉम्प्युटर आला तेव्हा धाकट्यांनी एकेक पुठ्ठा मापून त्यात घातला आणि भिंत मोकळी केली. आरसा लावायचा होता. थोरल्यांनी एक अक्षर न बोलता सगळ्या सुतळ्या खांद्यावर टाकल्या आणि दोन गल्ल्या सोडून पडद्यांचं दुकान काढलं. जाताना बोलले मात्र. "हे डबडं एक दिवस बसेल, धाकट्या. तेव्हा माझ्याकडे येऊ नकोस."

धाकटे त्यावर म्हणाले होते, "तू पडदे शिव. खिडकी तक्रार करत नाही."

तेव्हापासून बोलणं बंद. गंमत अशी की भावाचं नाव घ्यायचं नाही असं ठरवूनसुद्धा धाकट्यांच्या तोंडात ते दिवसातून दहादा यायचं. कारण मापाचं नाव तेच. "तीन थोरले कापले." "थोरल्याला अस्तर लाव." मधे त्यांनी 'मोठा' असं म्हणून बघितलं. कारागिराला कळेना. परत थोरले.

"पुठ्ठे त्याच्याकडे आहेत," आत्या म्हणाली. "एक फोन. विषय संपला."

"नाही."

"अरे पण..."

"ताई, तो येईल, दारात उभा राहील, त्या डब्याकडे बघेल आणि म्हणेल, 'मी सांगितलं होतं.' एवढंच म्हणेल. मला नाही ऐकायचं. बँड गेला तरी चालेल."

"बँड गेला तर चालेल," आत्याने शब्द शब्द मोजून म्हटलं, "पण तीन शब्द चालणार नाहीत."

"नाही चालणार."

"वहिनी, ऐकताय ना?"

काकू मशीनवर बसून बॉबिन भरत होत्या. बराच वेळ झाला, बॉबिन भरून वाहत होती तरी भरत होत्या. "वन्सं, मी यांच्या बाजूने आहे," त्या म्हणाल्या. "माणसाला मान असतो."

धाकट्यांनी आत्याकडे बघितलं. बघ, असं.

"आणि मान विरत चालला की त्याला अस्तर लावायला मी आहेच," काकू पुढे म्हणाल्या. "पण उद्या बँडवाला आला की चहा घेऊन मी जाणार नाही. तुमचं तुम्ही सांगायचं."

"म्हणजे तू नक्की कुणाच्या बाजूने?"

"तुमच्याच. पण जरा लांबून."

टाचणी हसली आणि खोकल्यासारखं केलं.

"फोन मी करते," आत्या उठली. "मी दोघांची बहीण. मला दोन्हीकडून ऐकायची सवय आहे."

धाकटे नको म्हणाले. पण म्हणाले कसे? आत्या फोन घेऊन शटरबाहेर पोचली, नंबर लावला, पलीकडे घंटा वाजायला लागली, मग म्हणाले. तेसुद्धा हळू.

* * *

थोरले तेव्हा खिडकीत बसून पडद्याच्या कड्या मोजत होते. फोनवर आत्याचं नाव बघून त्यांनी घसा साफ केला.

"दादा, डबडं बसलं."

"कुठलं?"

"आता नाटक नको. पुठ्ठे घेऊन ये. थोरल्यांचे. म्हणजे तुझेच."

थोरल्यांनी हातातल्या कड्या खाली ठेवल्या. या फोनची त्यांनी इतकी वर्षं वाट बघितली होती की आला तेव्हा काय म्हणायचं ते सगळं तयार होतं. कधी दाढी करताना, कधी शिडीवर चढून पडदा लावताना, त्यांनी तो प्रसंग नाना तऱ्हेने करून बघितला होता. एका तऱ्हेत ते नुसते हसायचे. एका तऱ्हेत म्हणायचे, "या, बसा, सांगितलं होतं ना." सगळ्यात आवडती म्हणजे काहीच न बोलता पुठ्ठे टेबलावर ठेवायचे आणि वळायचं.

फक्त पुठ्ठे पाहिजे होते.

गेल्या वर्षी पोटाच्या दुखण्याने दवाखान्यात पडले. आत्याच येऊन जाऊन होती. तिला त्यांनी बजावलं होतं, तिकडे सांगायचं नाही, आणि आत्या आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहिली होती. बरे होऊन घरी आले आणि माळ्यावर हात घातला तर सुतळीला माती लागलेली. वाळवी. खालच्या टोकापासून वरपर्यंत, एकेक माणूस शिस्तीत खाल्लेला. आत्या गेली, काकू गेल्या, धाकटा गेला. स्वतःची फक्त कॉलर शिल्लक होती. ती का सोडली वाळवीने, काही कळलं नाही. कडक असावी.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. कारण धाकट्याच्या कानावर गेलं असतं आणि त्याने म्हटलं असतं, मी सांगितलं होतं. पुठ्ठा टिकत नाही, कॉम्प्युटर टिकतो.

"दादा? आहेस ना?"

"येतो," थोरले म्हणाले. आणि कोट चढवला. जुनाच, याच दुकानात कापलेला, पण वापरून वापरून पुढचा उतार पार गेलेला. आता त्यात दीड माणूस मावलं असतं. बाही बोटांवर यायची. खांदे दंडावर उतरले होते. शिवणारा माणूस असून त्यांनी तो आत का घेतला नाही? कारण साधं होतं. जगातलं कुठलंही माप घेता येतं, स्वतःचं नाही घेता येत. टेप पाठीमागे नेला की खाली घसरतो, खाली बघितलं की पोट बदलतं. दुसरं माणूस लागतं. पडद्यांच्या दुकानात दुसरं माणूस नव्हतं.

त्यांनी कॉलर वर्तमानपत्रात गुंडाळली आणि निघाले.

* * *

शटर अर्धंच वर होतं. थोरले वाकून आत आले. पूर्वी त्यांना त्याखालून यायला बराच खटाटोप लागायचा, आज सहज आले. सगळ्यात आधी ते काकूंच्या लक्षात आलं.

मग टाचणीच्या. मग धाकट्यांच्या. गल्लीच्या टोकाला रोज लांबून दिसायचा तो नुसता कोट. कोटाच्या आत माणूस कमी होत गेलाय हे लांबून कसं दिसणार?

"मोठे काका," टाचणी उठली. "बसा ना."

थोरले बसले नाहीत. जुन्या कॉम्प्युटरसमोर उभे राहिले. काळ्या स्क्रीनमध्ये बघितलं. सगळे श्वास रोखून. आत्या तर डोळे मिटून.

थोरल्यांनी स्क्रीनवरची धूळ बोटाने पुसली.

घड्याळ चाललं. बाहेरून एक सायकल गेली. धाकट्यांचे कान लाल व्हायला लागले.

"बोल ना," ते शेवटी म्हणाले.

"काय?"

"जे बोलायला आलायस ते. बोलून टाक. मी ऐकतो."

"मी काहीच नाही म्हटलं."

"तेच ना! म्हण की! सांगितलं होतं म्हण! इतकी वर्षं दाबून ठेवलंयस, पोटात दुखेल."

"दुखलं," थोरले म्हणाले.

आत्याने डोळे उघडले. "दुखलं खरंच," ती म्हणाली. "ऑपरेशन झालं. मला सांगू नको म्हणाला होता. आता सांगितलं. बास."

धाकटे खडू हातात धरून उभे. खडूचा चुरा बुटांवर पडत होता. त्यांना एकदम बरंच काही विचारायचं होतं. कधी, कुठे, कोण होतं जवळ. पण तोंडातून निघालं ते, "पुठ्ठे आणलेस?"

थोरल्यांनी वर्तमानपत्र टेबलावर ठेवलं. उघडलं. एक कॉलर.

"बाकीचे?"

"वाळवी."

"सगळे?"

"सगळे. तू पण. तू तर आधी. खालच्या सुतळीत होतास."

टाचणीला आता बघवेना. एक भाऊ काळ्या स्क्रीनपुढे उभा, एक पुठ्ठ्याच्या कॉलरपुढे. आणि दोघांच्याही तोंडावर तेच वाक्य येऊन बसलेलं, आणि दोघांनाही म्हणायची सोय नाही.

"म्हणजे," आत्या म्हणाली, "तुझं किड्यांनी खाल्लं आणि याचं न खाताच गेलं. आता कोण कुणाला काय सांगणार होतं म्हणे?"

आधी थोरले हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलले, आणि कोट नंतर हलला, जरा उशिराने. ते बघून धाकट्यांनाही हसू आलं, पण त्यांनी ते टेबलाखाली वाकून, पडलेला खडू शोधताना हसून घेतलं.

"बरं," टाचणी म्हणाली. "पुठ्ठे नाहीत, फाईल नाही. पण मोठे काका आहेत ना? उभे राहा काका. परत माप घेऊ."

धाकट्यांनी वर बघितलं. हो की. माप माणसावरून आलं होतं. माणूस समोर आहे. ते टेप घेऊन लगबगीने आले, थोरल्यांच्या छातीवर गुंडाळला, ओढला, परत ओढला. टेप सरकतच राहिला. कोटाचं कापड मुठीत गोळा झालं.

ते थांबले.

"नाही राहिलं ते," थोरले म्हणाले. हळू म्हणाले, कारण भावाचा कान अगदी जवळ होता. "ते माप आता कुणाचंच नाही, धाकट्या."

* * *

काकूंनी मशीनवरून पाय काढला.

त्यांना एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती घरात फक्त त्यांनाच ठाऊक होती. धाकट्यांच्या पँटी त्या स्वतः इस्त्री करायच्या. इस्त्री करता करता, दर दोनतीन महिन्यांनी, कंबरेच्या मागची शिवण उसवायची, बोटभर सोडायची, परत टाका घालायचा. सदऱ्याला बगलेत पट्टी. इतकं हळूहळू की घालणाऱ्याला कळत नाही. धाकट्यांचा ठाम समज होता की ते अजून धाकटे आहेत. फोल्डरमध्ये होते तसे. "लग्नातली पँट अजून होते मला," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि काकू दोरा तोडायचा बहाणा करून मान खाली घालायच्या.

सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण उद्या सकाळी बँडवाला येणार. आणि तो बोर्ड, चेन बदलून मिळेल, तो त्यांनाही दिसत होता.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "टेप घ्या तुम्ही. यांचं माप घ्या."

"माझं?" धाकटे म्हणाले. "माझं कशाला? माझं आलं नव्या कॉम्प्युटरवर. सकाळीच आलं."

"ते आलं. तुम्ही नाही आलात."

"म्हणजे काय?"

"अहो, उभे राहा. आणि श्वास आत घेऊ नका."

"मी कधी श्वास..."

"आत्ता घेतलाय. सोडा."

आत्याने स्टूल पुढे ओढलं. अशी बसली जणू नाटकाची तिसरी घंटा झाली. धाकट्यांनी मदतीला लेकीकडे बघितलं. लेकीने नवा कॉम्प्युटर मांडीवर घेतला आणि 'थोरले' नावाचा तो रिकामा फोल्डर उघडून बसली. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, पण इतक्या पटकन?

थोरल्यांनी टेप घेतला. दोन बोटांत धरायची त्यांची पद्धत तशीच होती. भावाच्या मागून हात घातला, छातीवर आणला. बघितलं. पोटावर आणला.

"सोड रे श्वास."

"सोडलाय."

"खरंच?"

"खरंच."

थोरल्यांनी टेपवरचा आकडा बघितला. चष्मा काढून बघितला. मग हाताच्या तळव्याने भावाच्या पोटावरून एक रेघ ओढली, वरून खाली, जिथे सुरू होतं तिथून, जिथे पुढे येतं तिथून, जिथे आत वळतं तिथपर्यंत. अगदी सावकाश. आंधळा माणूस ओळखीचं दार चाचपतो तसं.

"हे माझं आहे," ते म्हणाले.

"काय?"

"पोट. माझं आहे हे. उतारासकट. आपल्या बाबांचंही असंच होतं, तिथून माझ्याकडे आलं, माझ्याकडून... चोर आहेस."

आत्या इतकी हसली की स्टूल हललं. "म्हणून तो मला परवा लांबून पूर्वीचा दादा वाटला! मी हाक मारणार होते!"

"किती दिवस चाललंय हे?" धाकट्यांनी बायकोला विचारलं.

"काय?"

"कंबर."

"जुनी गोष्ट आहे. आता उकरून काय उपयोग?"

"सगळ्या पँटी?"

"लग्नातली सोडून. ती अर्ध्यातून माझ्या ब्लाऊजच्या अस्तराला गेली."

धाकटे बसले. म्हणजे बसावंच लागलं. मग परत उठले, कारण थोरल्यांनी टेबलावर खाकी कागद पसरला होता आणि खडू मागत होते. पुढे कुणी काही ठरवलं नाही, आपसूक झालं. थोरले माप घ्यायचे आणि कागदावर काढायचे. धाकटे "इथे अजून सोड, ढोल टेकतो इथे," म्हणायचे. थोरले म्हणायचे, "ढोल माझ्या पोटावर टेकवून बघितला होता बाबांनी, तू मला शिकवू नकोस." टाचणी कागदावरची प्रत्येक रेघ मापून नव्या कॉम्प्युटरमध्ये घालायची. कागदावरही राहिलं, आतही राहिलं.

"वाळवी आणि वीज एकदम येणार नाही अशी आशा करू," आत्या म्हणाली.

दुपार कलली. पाठ झाली, पुढा झाला, बाही झाली. कॉलर नव्याने काढावी लागली नाही. ती पुठ्ठ्याचीच ठेवली, कागदावर, आणि भोवतीने खडू फिरवला. तंतोतंत बसली. धाकट्यांनी बांधून ठेवलेलं राखी कापड काढलं, नमुन्याचा कोट कापायला घेतला, आणि कात्री लावायच्या आधी सवयीने क्षणभर थांबले. पूर्वी तिथे थोरले म्हणायचे, चालू दे.

"चालू दे," थोरले म्हणाले.

कापून झाल्यावर टाचणीने विचारलं, "फोल्डरचं नाव काय ठेवू? माप तर बाबांचं आहे."

"थोरले," दोघंही म्हणाले. एक जरा आधी, एक जरा नंतर.

मग थोरले निघाले. निघाले म्हणजे काम करताना खुर्चीच्या पाठीवर टाकलेला तो कोट उचलून अंगात घालायला लागले. एक बाही घातली. हात दिसेनासा झाला. काकूंनी आत्याकडे बघितलं, आत्याने धाकट्यांकडे.

"काढ तो," धाकटे म्हणाले.

"कशाला?"

"काढ म्हटलं ना. असा फिरतोस गावभर. लोक म्हणतील याच्या घरात कुणी शिंपी नाही."

थोरल्यांनी कोट काढला. सदऱ्यात ते अगदीच लहान दिसत होते. धाकट्यांनी टेप मागून घातला, या वेळी हळू, छातीवर आणला. मग कंबर. मग खांदा, एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत. टाचणी बोटं तयार ठेवून बसली होती.

"सांगा बाबा. नवा फोल्डर करते."

धाकटे टेपकडे बघत राहिले. बराच वेळ. मग टेप गळ्यात टाकला आणि नाक पुसलं, खडूचा हात होता, नाकाला पांढरं लागलं.

"नवा नको. हे माप आहे आपल्याकडे."

"कुठल्या फोल्डरमध्ये?"

"माझ्या."

थोरल्यांनी नव्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर वाकून बघितलं. तिथे ओळीत नावं होती. आत्या. काकू. टाचणी. थोरले. धाकटे. त्यांनी शेवटच्या नावावर बोट ठेवलं, मग उचललं.

"बाही बोटभर लांब ठेव," ते म्हणाले. "काही झालं तरी थोरला आहे मी."